पाटीवरचा टॉर्क आणि चालत्या मोटरचा टॉर्क: ठाण्यात बांधलेल्या एका सीएनसी राउटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात सुतारकामाचं हे छोटं युनिट चालतं. देव्हारे, जाळीची पार्टिशनं, किचनची शटरं आणि गणपतीच्या आधी मखरं, असं त्यांचं काम. ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून एमडीएफ आणि प्लायच्या कापीव मखरांना मागणी वाढली. जाळी कापायला मालक बाहेरच्या सीएनसीवाल्याकडे, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणारं कापणीचं मशीन असलेल्याकडे, जायचे. हंगामात तिथे रांग असायची आणि आपलं काम कधी हातात पडेल ते सांगता यायचं नाही. त्यांच्या पुतण्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. मशीन आपणच बांधू असं त्याने मनावर घेतलं आणि काकांनी गाळ्याचा एक कोपरा मोकळा करून दिला.

सांगाडा त्याने खरोखर चांगला केला होता. लोखंडी चौकोनी पाइपांची वेल्डिंग केलेली बैठक, २० मिमीच्या लिनिअर गाइड, १२०० बाय ९०० मिमीचं कामाचं क्षेत्र. सगळ्या अक्षांना १६ मिमी व्यासाचे, एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारे बॉलस्क्रू. लांब अक्षावर गॅन्ट्रीच्या, म्हणजे कापणारं डोकं वाहणाऱ्या आडव्या पुलाच्या, दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू आणि एकेक मोटर. मोटरी नेमा २३, म्हणजे ५७ मिमी तोंडाच्या स्टेपर (ठरावीक लहान पावलांनी, स्टेपांनी फिरणाऱ्या). मोटरीवरच्या माहितीच्या पाटीवर टॉर्क (फिरवण्याची ताकद) ३ न्यूटन-मीटर, करंट ४.२ अँपिअर, कॉइलचं इंडक्टन्स (करंट चढायला होणारा विरोध) ३.८ मिलिहेन्री. त्यांना २४ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी वीजपुरवठा) आणि लहान ड्राइव्ह (मोटरीच्या कॉइलला करंट देणारं उपकरण). कंट्रोलर म्हणून अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल हे सॉफ्टवेअर. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, दीड किलोवॉटचा, हवेने थंड होणारा, मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा, व्हीएफडीवर (फेरे कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) चालणारा.

मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात ड्राइव्ह आणि मोटरींच्या देखभालीचं काम करतो. मशीन हलायला लागलं पण काम देईना, तेव्हा पुतण्याने मला बोलावलं.

अडचण

मिनिटाला १२०० मिमी फीडवर (बिट पुढे सरकण्याच्या वेगावर) सगळं ठीक चालायचं. १५०० च्या पुढे गेलं की मोटर किंचाळायची, गॅन्ट्री आचके द्यायची, आणि जाळीची पुढची ओळ मागच्या ओळीपेक्षा दोन-तीन मिमी सरकलेली निघायची. म्हणून तो १२०० वरच चालवत होता.

हळू चालवलं तर फक्त वेळ जास्त लागेल, असं त्याला वाटत होतं. पण लाकूड वेगळंच सांगत होतं. सागवानाच्या कडा काळपट पडत होत्या, बिट लवकर बोथट होत होतं, आणि एमडीएफमधून कतरण न निघता मैद्यासारखी भुकटी निघत होती. याचं कारण साध्या भागाकारात आहे. दोन धारांचं बिट १८,००० फेऱ्यांवर फिरत असेल तर मिनिटाला ३६,००० वेळा धार लाकडाला लागते. १२०० मिमीला ३६,००० ने भागलं तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०३ मिमी लाकूड येतं. एवढ्या पातळ थरात धार कापत नाही, घासते. घासलं की उष्णता, आणि उष्णतेने लाकूडही जळतं आणि बिटही. ६ मिमीच्या बिटाला प्रत्येक धारेमागे ०.१ मिमीच्या आसपास द्यायचं असेल तर फीड ३६०० हवा. स्पिंडल हळू फिरवूनही हे गणित जमवता येतं, पण हवेने थंड होणाऱ्या या स्पिंडलचा पंखा त्याच्याच शाफ्टवर आहे. फेरे कमी केले की वारा कमी होतो आणि ताकदही त्याच प्रमाणात उतरते. थोडी तडजोड तिथे करता येते, एक-तृतीयांशावर आणता येत नाही.

बाजारातून दोन सल्ले आले होते. एका दुकानदाराने नेमा ३४ च्या, साडेआठ न्यूटन-मीटरच्या मोटरी सुचवल्या. दुसऱ्याने सरळ एसी सर्व्होचं, म्हणजे स्वतःची जागा सतत तपासत फिरणाऱ्या मोटरींचं, कोटेशन दिलं. मालकांचा कल पहिल्याकडे होता. ते पुतण्याला म्हणाले, "अरे, मोठी मोटर बसवून टाक आणि मोकळा हो. गणपती काय थांबणार आहेत का?" त्यांची घाई रास्त होती. मखरांच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या.

पहिला निर्णय: खरेदीआधी मोजणी

माझा आग्रह एवढाच होता की मोटरीपासून सुरुवात करू नका. बिटापासून सुरुवात करा आणि उलटं मोजत प्लगपर्यंत या. बिटाला किती फीड हवा, त्या फीडला स्क्रू किती फिरतो, त्या फेऱ्यांना मोटरीत किती टॉर्क उरतो, त्यासाठी ड्राइव्हला किती व्होल्टेज लागतं. हा क्रम सोडला की माणूस पाटीवरच्या आकड्याच्या मागे लागतो. आणि पाटीवरचा आकडा असतो होल्डिंग टॉर्क, म्हणजे मोटर उभी असतानाचा.

३६०० मिमी भागिले ५, म्हणजे स्क्रूचे मिनिटाला ७२० फेरे. या फेऱ्यांवर ताकद किती लागते? ६ मिमीच्या बिटाला लाकडात लागणारा रेटा काही दहा न्यूटनांपासून फार तर शंभराच्या आसपास. ५ मिमीच्या स्क्रूवर १ न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर ९० टक्के कार्यक्षमता धरून ११०० न्यूटनांहून जास्त रेटा मिळतो. म्हणजे पाटीवरच्या टॉर्कचा एक-तृतीयांश जरी ७२० फेऱ्यांवर शिल्लक राहिला तरी काम होऊन वर उरतं. मोटर लहान नव्हती. तिच्यातला टॉर्क त्या वेगापर्यंत पोचत नव्हता, आणि त्याला दोन कारणं सापडली.

पहिलं कारण फुकटात सुटलं. पुतण्याने अचूकता वाढावी म्हणून ड्राइव्हवर मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे बारीक भाग पाडणं) एका फेऱ्याला ६४०० वर ठेवलं होतं. त्याने एका मिमीला १२८० पल्स (कंट्रोलरने ड्राइव्हला दिलेले एकेका पावलाचे इशारे) होतात. उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्सपर्यंत नीट चालतं. भागाकार केला तर मिनिटाला साधारण १४०० मिमी. त्याचं मशीन नेमकं तिथेच अडत होतं! मोटरीची परीक्षा अजून झालीच नव्हती. ड्राइव्हवरचे छोटे डिप स्विच १६०० वर आणले, मिमीला ३२० पल्स झाले, आणि कंट्रोलरची मर्यादा ५६०० च्या वर गेली. १६०० वरही एक मायक्रोस्टेप ०.००३ मिमीचा पडतो. लाकूड पावसाळ्यात याच्या कितीतरी पट फुगतं.

त्यानंतर गॅन्ट्रीला डायल गेज लावून खरी चाचणी घेतली. मशीन एका जागेवरून निघतं, लांब जाऊन परत येतं, आणि गेजची सुई शून्यावर आली की नाही ते बघायचं. वेग थोडा थोडा वाढवत न्यायचा. २००० पर्यंत सुई शून्याला चिकटून परत येत होती. २२०० च्या पुढे ती शून्याच्या अलीकडे थांबू लागली, आणि फरक पूर्ण स्टेपांच्याच पटीत येत होता. मोटर स्टेप सोडत असल्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

हे दुसरं कारण म्हणजे व्होल्टेज. या मोटरीला एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप असतात. ७२० फेऱ्यांवर सेकंदाला २४०० स्टेप होतात, म्हणजे एका स्टेपला ०.४२ मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइलमध्ये पूर्ण करंट चढायला हवा. ढोबळ हिशेबात चढायचा वेळ म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंट भागिले व्होल्टेज. २४ व्होल्टला तो ०.६६ मिलिसेकंद येतो. करंट चढेपर्यंत स्टेप बदललेला असतो, मग टॉर्क कुठून येणार? नळाला दाब कमी असला की बादली भरण्याआधीच पाणी जातं, तसं. ४८ व्होल्टला हाच वेळ ०.३३ मिलिसेकंद होतो. फिरत्या मोटरीचा उलटा व्होल्टेज यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र थोडं वाईट असतं, पण दिशा कळायला एवढं पुरतं.

पर्याय

नेमा ३४ चा पर्याय मी सर्वांत आधी बाजूला ठेवला. या मोटरीचा रोटर जड असतो आणि उभ्या टॉर्कसाठी गुंडाळलेल्या कॉइलचं इंडक्टन्स बहुधा जास्त. ७०-८० व्होल्टचा ड्राइव्ह दिला तरच ती वेगात ताकद देते. त्याच २४ किंवा ४८ व्होल्टवर ती ७२० फेऱ्यांना लहान मोटरीपेक्षाही मागे पडू शकते. शिवाय जडत्वाचा हिशेब केल्यावर पुतण्याही चकित झाला. गॅन्ट्रीचं वजन तीस किलोच्या आसपास, पण ५ मिमीच्या स्क्रूमधून मोटरीला ते ०.२ किलो-सेंटिमीटर-वर्गाएवढंच जाणवतं. सव्वा मीटरचा स्क्रू स्वतः फिरवायलाच त्याच्या तिप्पट, ०.६ लागतात. मोटरीला गॅन्ट्रीपेक्षा स्क्रू जड. त्यात रोटरही जड घेतला तर वेग घेण्यातच ताकद खर्च होणार.

एसी सर्व्हो तांत्रिकदृष्ट्या सर्वोत्तम होता यात वाद नाही. ४०० वॉटचा सर्व्हो ३००० फेऱ्यांपर्यंत १.२७ न्यूटन-मीटर सलग देतो. पण या मशीनचा लांब स्क्रू ३००० फेरे घेऊच शकत नाही. १३ मिमी गाभ्याचा, एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्याला आधार असलेला सव्वा मीटरचा स्क्रू साधारण १२५० फेऱ्यांनंतर दोरीसारखा हेलकावे खाऊ लागतो. आम्ही १००० ही हद्द धरली. म्हणजे सर्व्होचा दोन-तृतीयांश वेग पैसे देऊन घ्यायचा आणि पेटीत ठेवायचा. चार सर्व्होंचा खर्च तेव्हा स्पिंडलसकट बाकीच्या सगळ्या इलेक्ट्रिकल सामानाच्या वर जात होता.

तिसरा पर्याय स्क्रू बदलून १० मिमी लीडचे, म्हणजे एका फेऱ्यात १० मिमी सरकवणारे, टाकण्याचा. त्याने ३६०० च्या फीडला ३६० फेरेच लागतात, आणि २४ व्होल्टवरही गाडी चालते. रेटा निम्मा होतो, पण तो आधीच भरपूर होता. मला हा पर्याय मनापासून आवडला होता. अडचण वेळेची. स्क्रू काढले की नटांचे ब्रॅकेट, बेअरिंग ब्लॉक आणि दोन्ही बाजूंचं समांतर बसवणं पुन्हा करायचं, तेही हंगामाच्या तोंडावर.

उरला चौथा: मोटरी त्याच ठेवून व्होल्टेज वाढवायचं आणि ड्राइव्ह बदलायचे. पुतण्याने विचारलं, "दादा, मग क्लोज्ड लूप का नको? स्टेप सुटायचा प्रश्नच मिटेल." प्रश्न मिटत नाही, तो दिसू लागतो. क्लोज्ड लूपमध्ये मोटर कुठे आहे ते मोजणारा एन्कोडर असतो, पण तो मोटरीला जास्त ताकद देत नाही. मोटर मागे पडली तर ड्राइव्ह आधी सावरायचा प्रयत्न करतो आणि नाही जमलं तर अलार्म देतो. ही सोय कुठे लाख मोलाची आहे ते ठरवायचं होतं.

काय ठरलं

लांब अक्षाच्या दोन मोटरींना क्लोज्ड लूप, बाकी दोन अक्षांना साधे डिजिटल ड्राइव्ह. यावर आमची सर्वांत जास्त चर्चा झाली. चारही अक्षांना एकसारखं सामान घेतलं तर सुटे भाग ठेवायला सोपं, हा मालकांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण नुकसान कुठे होतं ते बघा. आडव्या अक्षावर स्टेप सुटला तर एक जॉब वाया जातो. लांब अक्षावर दोनपैकी एकाच मोटरीचा स्टेप सुटला तर गॅन्ट्री तिरपी होते, गाइडवर ताण येतो, आणि मग प्रत्येक जॉब तिरपा निघतो. तिथे मशीन ताबडतोब थांबलं पाहिजे. दोन्ही ड्राइव्हचे अलार्म इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीत घेतले. लांब अक्षावर एन्कोडरवाल्या मोटरी आल्याने आधीच्या दोन मोटरी सुट्या म्हणून कपाटात गेल्या, आणि मालकांचं समाधान झालं.

व्होल्टेजचा निर्णय तेवढाच नाजूक. हे ड्राइव्ह ४८ ते ५० व्होल्टपर्यंतचे. पुतण्याच्या मनात टोरॉइड ट्रान्सफॉर्मर होता, कारण ब्रेक लावताना मोटरींतून परत येणारी ऊर्जा तो आणि त्याचा कपॅसिटर शांतपणे पचवतात. पण ३५ व्होल्ट एसीच्या ट्रान्सफॉर्मरमधून ४८ व्होल्ट डीसी मिळतो तो घरचा व्होल्टेज २३० असताना. तो दहा टक्क्यांनी चढला की डीसी ५३ होतो, ड्राइव्हच्या मर्यादेबाहेर. शेवटी ४८ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस घेतला आणि त्याचा ट्रिमर फिरवून आउटपुट ४४ वर आणला. करंट चढायचा वेळ त्याने ०.३६ मिलिसेकंद होतो, स्टेपच्या वेळेच्या आत, आणि ब्रेक लावताना डीसी लाइनचा व्होल्टेज वर उडाला तरी जागा राहते. चार मोटरींच्या करंटची बेरीज १६.८ अँपिअर, मग १० कसे पुरतात, हे मालकांनी बारकाईने विचारलं. चॉपर ड्राइव्ह (पुरवठा भराभर चालू-बंद करून करंट राखणारा) कॉइलमधला करंट पुरवठ्यातून जसाच्या तसा ओढत नाही. बेरजेचा दोन-तृतीयांश, म्हणजे ११ अँपिअर, हे सढळ माप झालं; प्रत्यक्षात ओढ त्याहून कमी असते, म्हणून १० पुरतात.

जोडणी

सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळीच्या बाजारांतून आलं. पॅनेल भिंतीवर उंच लावलं, कारण एसएमपीएसचा पंखा एमडीएफची धूळ आत खेचतो. लांब अक्षाच्या दोन ड्राइव्हना एकच पल्स लाइन द्यायची होती. उनोच्या एका पिनवर दोन ड्राइव्हचे ऑप्टो (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारे भाग) लादण्यापेक्षा मध्ये बफर (सिग्नलला जोर देणारी चिप) टाकला.

स्पिंडल बंद ठेवून मशीन झकास धावलं. स्पिंडल सुरू केला आणि दहा-पंधरा मिनिटांत अक्षाच्या टोकाचा लिमिट स्विच न दाबताच कंट्रोलर थांबला. पुन्हा सुरू, पुन्हा थांबला. मोटरी आणि ड्राइव्ह यांचा इथे काही दोष नव्हता. स्पिंडलची केबल आणि लिमिट स्विचच्या वायरी एकाच ड्रॅग चेनमधून (हलत्या केबली सांभाळणाऱ्या साखळीतून) शेजारी शेजारी जात होत्या, आणि व्हीएफडीचा विद्युत गोंगाट स्विचच्या वायरींत शिरत होता. मी मल्टिमीटर घेतला, एक टोक स्पिंडलच्या बॉडीला, दुसरं पॅनेलच्या अर्थला. मीटर गप्प. कनेक्टर उघडला तर चौथ्या पिनला अर्थची हिरवी वायर आली होती, पण स्पिंडलच्या आत त्या पिनपासून पुढे काहीच जोडलेलं नव्हतं. म्हणजे बिट, स्पिंडल आणि त्याला हात लावणारा माणूस, सगळे अर्थशिवाय. जॉब बिघडण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी गंभीर आहे. आयता स्पिंडल घेणाऱ्या प्रत्येकाने ही एक तपासणी करावीच, मिनिटाचं काम आहे.

बॉडीला स्वतंत्र अर्थ दिला. स्पिंडलला शिल्डेड (तारेच्या जाळीचं आवरण असलेली) केबल घातली आणि तिचं शिल्ड व्हीएफडीच्या अर्थला व स्पिंडलच्या बॉडीला दोन्ही टोकांना जोडलं. लिमिट स्विचच्या वायरींचं शिल्ड मात्र पॅनेलच्या एकाच टोकाला. स्विच नॉर्मली क्लोज्ड केले, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल, आणि सिग्नल २४ व्होल्टवर नेऊन ऑप्टोमधून कंट्रोलरला दिला. खोटे अलार्म बंद झाले.

निकाल

डायल गेजची चाचणी पुन्हा घेतली. ५००० पर्यंत सुई शून्यावर परत येत होती. त्यापुढे स्क्रूची हद्दच होती, म्हणून वाढवलं नाही. मशीनची कमाल गती ४००० वर बांधून टाकली. एमडीएफ ३६०० ने कापलं जाऊ लागलं, सागवान २५०० च्या आसपास, स्पिंडल थोडा हळू ठेवून. भुकटीच्या जागी कतरण पडू लागली आणि सागवानाच्या कडांचा काळपटपणा गेला. त्या वर्षीची मखरं गाळ्यातच कापली गेली.

क्लोज्ड लूपचा उपयोगही लवकरच कळला. एका कारागिराकडून क्लॅम्प गॅन्ट्रीच्या वाटेत राहिला. गॅन्ट्री त्याला टेकली, एका बाजूचा ड्राइव्ह अलार्मला गेला आणि चारही मोटरींसकट स्पिंडल थांबला. गुण्याने तपासलं तर गॅन्ट्री काटकोनात होती.

पुन्हा करायचं झालं तर

लांब अक्षाला सुरुवातीपासून १० मिमी लीडचे स्क्रू घ्यावेत. या मापाच्या लाकडाच्या मशीनला ५ मिमीची बारीकी लागत नाही आणि मोटरीचा निम्मा त्रास तिथेच मिटतो. उभ्या अक्षाला ५ मिमीच बरे, स्पिंडलचं वजन पेलायला. कंट्रोलर असा घ्यावा की गॅन्ट्रीच्या दोन मोटरींना वेगवेगळं होमिंग देता येईल, म्हणजे प्रत्येकीला स्वतंत्रपणे शून्य जागेवर आणता येईल. आज पुतण्या रोज सकाळी गॅन्ट्री दोन्ही ठोकळ्यांना हाताने टेकवून काटकोनात आणतो, मगच वीज देतो. आणि मोटर घेताना दुकानदाराकडे टॉर्क-वेगाचा आलेख मागावा, कोणत्या व्होल्टेजला काढलाय ते बघून. आलेख नसेल तर निदान इंडक्टन्स विचारावं.

मालकांना आता ८ बाय ४ फुटांची पूर्ण शीट घेणारं मशीन हवं आहे. तिथे हा स्क्रू चालणार नाही. लांबी दुप्पट झाली की हेलकाव्याची हद्द एक-चतुर्थांशावर येते, तीनशे-सव्वातीनशे फेऱ्यांवर, म्हणजे ५ मिमी लीडला मिनिटाला दीड मीटर. लांब अक्षाला रॅक आणि पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक) घ्यावंच लागेल. दीड मॉड्यूलचा २० दात्यांचा पिनियन एका फेऱ्यात ९४ मिमी सरकतो, त्याला दहास एक गिअरबॉक्स लावला तर ३००० फेऱ्यांच्या सर्व्होचा पूर्ण वेग वापरात येतो. या वेळी सर्व्होचं कोटेशन मीच मागवायला सांगितलं आहे. फक्त त्याआधी गाळ्याचा मंजूर वीजभार तपासायचा आहे, कारण सिंगल फेजवरचा २.२ किलोवॉटचा व्हीएफडी एकटाच वीस अँपिअरच्या वर ओढतो.